हात वाळेपर्यंत बस

एका वाचक मुलीचं पत्र :

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावची. वय २३. पुण्यात स्पॅनिश शिकले, बी-टू पातळी पास झाले आणि सप्टेंबरमध्ये एम. ए. करायला स्पेनमधल्या सालामांकाला आले. फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. एक थामोराजवळच्या खेड्यातली, एक मेक्सिकोची आणि मी. ऑक्टोबर बरा गेला. नोव्हेंबरपासून मात्र काहीच धड नाही. माझे तास बारापर्यंत असतात. घरी येऊन साडेबाराला जेवते. साडेतीनला घरी व्हिडिओ कॉल लावते, तो साडेपाचपर्यंत चालतो. मग अभ्यास, आठला खाणं, आणि खोलीचं दार लावून घेते. दिवसभरात कुणाशी चार वाक्यं होत नाहीत. वर्गातल्या मुली ‘भेटू या’ म्हणतात, पण बोलावत कुणीच नाही. परवा मंडईत फळांच्या दुकानात मी वीस मिनिटं उभी होते. मागून आलेल्या बायका सामान घेऊन गेल्या, माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी परकी, सावळी, म्हणूनच ना? आमच्या घरी सगळे माळकरी. इथे ओट्यावर डुकराची अख्खी तंगडी स्टँडला लावलेली असते, ती बघून घास उतरत नाही. थामोराच्या मुलीने तिच्या आईने केलेल्या मसुरीचा डबा मला दिला, त्यात चोरिथोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे तुकडे निघाले. तिला वाईट वाटेल म्हणून काही बोलले नाही. डबा चार दिवस फ्रिजमध्ये तसाच राहिला. तिने तो पाहिला, आणि तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. आईला मी सगळं छान आहे म्हणून सांगते आणि फोन ठेवला की रडते. डिसेंबरमध्ये कायमची परत येऊ का?
– स., सालामांका

प्रिय स.,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस : ‘ऑक्टोबर बरा गेला.’ मी तिथेच अडले. घर तेच, माणसं तीच, तास तेच. मग नोव्हेंबरात असं काय झालं?

मला वाटतं, घड्याळ बदललं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे स्पेनमधली घड्याळं एक तास मागे घेतात. त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्यानंतर साडेचार तासांचं. तुझे आईबाबा रात्री आठला जेवण उरकून फोनपाशी बसत असणार. ऑक्टोबरमध्ये तेव्हा तुझ्याकडे दुपारचे साडेचार वाजायचे, आता साडेतीन वाजतात. फरक तासाचाच आहे, पण स्पेनमधल्या घरात दुपारचा हाच तास सगळ्यात मोलाचा. तिथे अडीच-तीनला जेवायला बसतात. साडेतीनला ताटं नुसती पुढे सरकवलेली असतात, कुणीतरी कॉफी ठेवलेली असते, संत्र्याची सालं टेबलावर पडलेली असतात आणि बोलणं आत्ता कुठे रंगायला लागलेलं असतं.

या बसण्याला स्पॅनिशमध्ये सोब्रेमेसा म्हणतात. तू शब्द शिकलेली असशील, पण गोष्ट तर तुला लहानपणापासून माहीत आहे. पंगत उठलेली नसते, ताटातलं संपलेलं असतं, उजवा हात खरकटाच, आणि कुणीतरी मागच्या वर्षीच्या लग्नातला विषय काढतं. हात वाळून कडक होतात तरी कुणी उठत नाही. शेवटी आजी ओरडते, ‘अगं हात तरी धुवा!’ सोब्रेमेसा म्हणजे तेच. तिथे एका घरात राहणाऱ्यांची मैत्री बागेत किंवा सिनेमाला जाऊन होत नाही, या वाळलेल्या हातांनी होते. ऑक्टोबरमध्ये तू साडेबाराला जेवत असलीस तरी साडेतीनच्या सुमारास पाणी प्यायला, चहा टाकायला स्वयंपाकघरात जात असशील. चार शब्द होत असतील, तुला आठवतही नसतील. आता नेमक्या त्याच वेळी तुझं दार बंद असतं आणि आतून दोन तास न कळणारी भाषा ऐकू येते. त्या दोघींनी काय समजायचं? हिला आपल्यात रस नाही, हेच ना!

तू म्हणशील, तीन वाजता का कुणी जेवतं? मलाही पहिल्यांदा ते विचित्र वाटलं होतं. पण स्पेनचं घड्याळ मुळातच सूर्याला धरून नाही. नकाशात तो देश ब्रिटन आणि पोर्तुगालच्या रेषेत आहे, तरी १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे नेली आणि ती तशीच राहिली. त्यात सालामांका पार पश्चिमेला. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो, हे तू रोज अंधारात कॉलेजला निघताना बघतच असशील. सूर्याच्या हिशेबाने बघितलंस तर त्यांचं दुपारी अडीचचं जेवण एकच्या आसपास पडतं. आणि रात्री साडेनऊचं जेवण? आठ वाजता. तुझ्या घरचीच वेळ.

तेव्हा पहिलं काम, फोनची वेळ बदल. रोज सकाळी आठला, कॉलेजला निघायच्या आधी, दहा मिनिटं. तेव्हा गावाकडे साडेबारा वाजलेले असतात, आईचा स्वयंपाक उरकलेला असतो. मोठा फोन रविवारी सकाळी अकराला कर. सालामांकात त्या वेळी सामसूम असते, दुकानं बंद, थामोराची गावी गेलेली. घरी तेव्हा दुपारचे साडेतीन. हवे तर दोन तास बोल, तुझं काहीही बुडत नाही. आईला थोडं लागेल. तिला खरं कारण सांग : ‘दुपारी सगळ्या एकत्र जेवतात, मलाही त्यांच्यात बसायचंय.’ असलं वाक्य आईला समजावून सांगावं लागत नाही. आणि रोज ‘सगळं छान’ म्हणणं बंद कर. फळांच्या दुकानातली गोष्ट तिला सांग, डब्याची सांग. रोज दोन तास बोलूनही तू फोन ठेवल्यावर रडतेस, कारण त्या दोन तासांत खरं काहीच बोलत नाहीस.

मी २००६ साली तिथे शिकत होते. तेव्हा घरी फोन करायला लोकुतोरिओत जावं लागायचं. आपल्या एस.टी.डी. बूथसारखी दुकानं, आत काचेच्या खोल्या, बाहेर इक्वाडोरची आणि मोरोक्कोची माणसं आपापल्या नंबराची वाट बघत उभी. मला आठवड्यातून एकदाच परवडायचं. दुपारी मी टेबलावर बसून राहिले, कारण उठून जायला कुठे जागाच नव्हती. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. तुला तेच ठरवून, मुद्दाम, हातातला फोन बाजूला ठेवून करायचं आहे. ते माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मला कळतं.

तुझी मेक्सिकोची मैत्रीण बघ. तिच्या घरचं अंतर सात तासांचं. ती रात्री अकराला फोन लावते तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात. घरची आठवण तिलाही तुझ्याइतकीच येत असेल, पण तिच्या घड्याळाने तिला टेबलावरून उठवलं नाही, इतकाच फरक आहे. विचारून तरी बघ तिला. तिच्या घरी तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी आणि इथे तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, एवढ्या एका विषयावर दोघी परक्या मुली अर्धा तास बोलू शकतात.

साडेबाराला पोटात कावळे ओरडणार, ते थांबवायला भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल घालून खा. कुठल्याही बारमध्ये तोस्तादा कोन तोमाते मागितलास की मिळतो. मग अडीचला ताट घेऊन बस.

बसल्यावर पहिल्या आठवड्यात तुला अर्धंही कळणार नाही. घाबरू नकोस. वर्गात प्राध्यापक एकटे बोलतात म्हणून कळतं. टेबलावर सगळ्या एकदम बोलतात, वाक्यं अर्धवट सोडतात, शब्द गिळतात. तू वाट बघशील, कुणी थांबलं की मी बोलेन. तिथे कुणी थांबत नाही गं. मध्येच बोलणं हा त्यांच्याकडे उद्धटपणा धरत नाहीत, तुझं लक्ष आहे याची ती खूण असते. आपल्याकडे लग्नघरात बायका पालेभाजी निवडायला बसतात तेव्हा काय एकेक जण पाळीने बोलते? सुरुवात हुंकारांनी कर. ‘क्लारो’ म्हणजे हो तर. ‘बाया’ म्हणजे अगंबाई. ‘एन सेरिओ?’ म्हणजे खरंच की काय? ही तीन हत्यारं घेऊन तू पहिले चार दिवस काढू शकतेस. पाचव्या दिवशी तुझं स्वतःचं वाक्य मध्ये पडेल, व्याकरण चुकेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

भाषेच्या बाबतीत एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, ती पुण्याच्या वर्गात कुणी सांगितली होती का माहीत नाही. इंग्रजी बोलणारी मुलं ‘मे गुस्ता’पाशी, म्हणजे ‘मला आवडतं’पाशी, महिनोन्महिने अडखळतात. त्यांना वाटतं, आवडणारा मी, मग क्रियापद माझ्याप्रमाणे का चालत नाही? तुला हा प्रश्नच पडायला नको. आपण ‘मला चहा आवडतो, मला भाकऱ्या आवडतात’ असंच म्हणतो. जे आवडतं त्याच्याप्रमाणे क्रियापद चालतं, ‘मला’ जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये अगदी हेच. त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून. कर्ता गाळून नुसतं ‘जाते’ म्हणायची सवय आपल्याला आहे, त्यांनाही आहे. तेव्हा बोलताना मनातल्या मनात इंग्रजीच्या वाटेने जात असशील तर ती वाट सोड, मराठीवरून सरळ ये. आणि पाव, चावी, बादली हे आपले शब्द गोव्याकडून आलेले, पोर्तुगीज. स्पॅनिश त्यांची सख्खी बहीण : पान, याबे, बाल्दे. हे टेबलावर सांगून बघ. थामोरा तर पोर्तुगालच्या सीमेलगतचा प्रांत, तिथल्या मुलीला याची मजा तुझ्याइतकीच वाटेल.

आता फळांचं दुकान. स., हे माझ्या बाबतीत जसंच्या तसं घडलं होतं. प्लाथा मायोर या मुख्य चौकाच्या शेजारच्या त्या लोखंडी मंडईतच. मी शहाण्यासारखी गप्प उभी, आणि मागून आलेल्या आज्या टोमॅटो घेऊन चालल्या. मी खोलीवर येऊन रडले होते. कारण मला नंतर एका शेजारणीने सांगितलं. तिथे रांग डोळ्यांना दिसत नाही. दुकानात शिरताना मोठ्याने विचारायचं असतं, ‘किएन दा ला बेथ?’ म्हणजे, नंबर कोण देतंय, सगळ्यात शेवटचं कोण? एक बाई म्हणते, ‘मी.’ झालं, तिच्यानंतर तू. मग खुशाल बाजूला जाऊन भाज्या बघ, शेजारणीशी बोल, तुझा नंबर पक्का. तुझ्यानंतर येणारी विचारेल तेव्हा ‘यो’, म्हणजे ‘मी’, म्हणायचं ते तू. जी विचारत नाही, ती नुसती बघायला आलीय असं सगळे धरून चालतात. तू वीस मिनिटं रांगेत उभीच नव्हतीस.

पण म्हणून तुझा ‘सावळी म्हणूनच ना?’ हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. तसंही घडतं. घर भाड्याने द्यायचं म्हटलं की फोनवर गोड बोलणारा मालक दारात तुला बघून ‘आत्ताच गेलं’ म्हणतो, हे मी अनुभवलं आहे. माझं म्हणणं एवढंच की न्याय करायच्या आधी एकदा तिथली रीत विचारून घे. रीत पाळूनही कुणी वाईट वागलं तर ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत, त्याचा वाईटपणा आहे. ते विद्यापीठात सांग, मैत्रिणीला सांग, गिळू नकोस.

वर्गातल्या मुलींचं ‘भेटू या’ खोटं नसतं, अर्धं असतं. तिथे ‘हास्ता लुएगो’ म्हणजे नंतर भेटू, हे लिफ्टमधला अनोळखी माणूसही म्हणतो. तो निरोपाचा शब्द आहे, वायदा नाही. ‘या केदारेमोस’ म्हणजे भेटू कधीतरी, तेही तसंच. भेट पक्की होते ती केदार या क्रियापदाने (आपल्या केदारसारखंच, लक्षात राहील), पण त्याला वार, वेळ आणि जागा जोडली तरच. सालामांकात जागा ठरलेली आहे : प्लाथा मायोरमधलं घड्याळ. शहरातलं कुणीही कुणाला भेटतं ते ‘देबाखो देल रेलोख’, घड्याळाखाली. तेव्हा तूच म्हण : ‘गुरुवारी सहाला घड्याळाखाली, कॉफी?’ गुरुवार अशासाठी की शुक्रवारी दुपारी अर्धा वर्ग आपापल्या गावच्या बसमध्ये बसलेला असतो. घरी बोलावण्याची वाट बघू नकोस. स्पेनमध्ये माणसं बाहेर भेटतात. वर्षानुवर्षांच्या मित्रांनी एकमेकांचं घर आतून बघितलेलं नसतं, त्यात तुझा अपमान नाही.

गालाला गाल लावून दोनदा नमस्कार करतात तो नको वाटत असेल तर हात आधीच पुढे कर आणि हस. कुणी मनावर घेत नाही.

खाण्याचं जरा सविस्तर लिहिते, कारण माळकरी घरातल्या मुलीला तिथे काय सोसावं लागतं ते मी बघितलं आहे. तुला कुणी ‘जरा ॲडजस्ट कर’ म्हणेल, करू नकोस. तुझा नेम तुझा आहे. पण तो शब्दांत सांगायला शीक. नुसतं ‘सिन कार्ने’, मांस नको, एवढं म्हटलंस तर भाजीवर हॅमचे तुकडे येतील, सॅलडवर टूना मासा येईल, आणि आणणाऱ्याला वाटेल त्याने तुझं ऐकलं. बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘कार्ने’ म्हणजे मटणाचा तुकडा. खामोन, म्हणजे तुझ्या ओट्यावरची ती तंगडी, वेगळं, मासा वेगळा. म्हणून एकेक नाव घे : नी खामोन, नी चोरिथो, नी आतून, नी उएबो. आतून म्हणजे टूना, उएबो म्हणजे अंडं. आणि कडधान्याची उसळ मागवलीस तर ती कशाच्या पाण्यात शिजवली तेही विचार.

नाताळ जवळ येतोय म्हणून आणखी एक. मान्तेकिया म्हणजे लोणी, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. शब्द किती जवळ आहेत बघ. डिसेंबरात जो तो तुझ्यापुढे पोल्बोरोन नावाची भुसभुशीत मिठाई धरेल. आपल्या नानकटाईची धाकटी बहीण वाटते, पण ती बहुतेक मान्तेकात केलेली असते. वेष्टनावर वाच. रंगीत चिवट गोळ्यांतही बहुधा जिलेटिन असतं, तेही प्राण्याचं. हे सांगतेय कारण डिसेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी सगळे विद्यार्थी प्लाथा मायोरमध्ये नव्या वर्षाची रात्र आधीच साजरी करतात. ३१ तारखेला सगळे गावी असतात ना, म्हणून. बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची तिथली पद्धत, त्या रात्री मुलं द्राक्षांऐवजी गोळ्या खातात. तू बारा द्राक्षं खिशात घालून जा. पण जा.

ओट्यावरच्या तंगडीबद्दल. ती बघून तुझ्या पोटात काय होतं हे थामोराच्या मुलीला माहीतच नाही. तिच्या घरी तो मानाचा पदार्थ आहे, आईवडिलांनी मुलीला दिलेला. ते खामोन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, थंड कोरड्या जागी कापड टाकून ठेवतात. म्हणजे ते ओट्यावरच असायला हवं असं नाही, सज्जाच्या कोपऱ्यात किंवा कोठीच्या फळीवरही चालतं. ‘मला बघवत नाही’ असं म्हणू नकोस. ‘मी लहानपणापासून हे कधी पाहिलेलं नाही, इथे जेवायला मला जड जातं, तिकडे ठेवायला तुला चालेल का?’ असं म्हण. तुझी कढई, तवा, चमचे आणि भांडी घासायचा स्पंज वेगळा ठेव, त्यावर लाल टेप लाव. सांगून केलंस तर ते तुझं व्रत ठरतं, न सांगता केलंस तर किळस वाटते.

स्वयंपाकाला तू जगातल्या चांगल्या जागी जाऊन पडली आहेस, हेही बघ. सालामांकाच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा पट्टा आहे. तिथली मसूर, फिकट हिरवी आणि आपल्यापेक्षा मोठ्या दाण्याची, स्पेनभर नावाजलेली आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. थामोरा प्रांतात फुएन्तेसाउको हे गाव काबुली हरभऱ्यासाठी तसंच प्रसिद्ध. जिरं कोमिनो म्हणून, हळद कुर्कुमा म्हणून सगळीकडे मिळते. कोथिंबीर लॅटिन अमेरिकी लोकांच्या दुकानात. प्रेशर कुकर तिथल्या आज्यांच्या घरातही असतो, फक्त आपल्यासारखी शिट्टी मारत नाही, तेव्हा तू आपला शिट्टीचा कुकर पहिल्यांदा लावशील तेव्हा त्या दोघींना आधी सांग.

आता परतीचं. कायमचा निर्णय डिसेंबरात घेऊ नकोस. तिथली ती सगळ्यात अंधारी, थंडीची वेळ आहे आणि जानेवारीत परीक्षा आहेत. फेब्रुवारीत, दिवस मोठा व्हायला लागल्यावर आणि दुपारी त्या टेबलावर दोन महिने बसल्यावर, पुन्हा विचार कर. तेव्हाही नकोच वाटलं तर परत ये, त्यात कसलीही हार नाही, मीच तुझ्या आईबाबांना पत्र लिहीन. सुट्टीपुरतं घरी यायचं असेल तर तिकीट काढायच्या आधी तुझं परदेशी नागरिकाचं ओळखपत्र हातात आलं आहे का ते बघ. ते कार्ड यायचं असेल आणि व्हिसाची मुदत संपली असेल, तर पुन्हा आत शिरायला परतीची वेगळी परवानगी लागू शकते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात विचार, व्हॉट्सॲपवर कुणाला विचारू नकोस.

आणि रडणं दुपारचा फोन बदलूनही थांबलं नाही, झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट बघू नकोस. विद्यापीठात विद्यार्थ्यांना मानसिक आधार देणारी सेवा आहे. वेळ मागून घे. तुझ्या विम्यात काय बसतं तेही बघून ठेव.

सगळ्यात आधी करायचं ते शेवटी लिहितेय, म्हणजे पत्र मिटल्यावर तेच डोक्यात राहील. तो डबा.

थामोराची मुलगी रविवारी रात्री गावाहून येते तेव्हा तिच्या पिशवीत एकावर एक रचलेले प्लास्टिकचे डबे असतात, हे तू पाहिलं असशील. त्यांना तिथे तापेर म्हणतात. आठवड्याची मसूर, क्रोकेतास, कधी भरलेल्या मिरच्या. स्पेनमधल्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या फ्रिजमध्ये आईचे डबे असतात. तुझ्या बाबांना विचार, त्यांच्या पिढीत पुण्याला शिकणाऱ्या मुलांना गावाकडून एस.टी.ने डबा यायचा. कंडक्टरच्या हाती दिलेला, फडक्यात बांधलेला. दुपारी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा. त्या डब्यातलं आपण कुणाला देतो? येईल त्याला नाही देत. तिने आठवड्याच्या सात डब्यांतला एक तुला दिला होता, आणि तो चार दिवस फ्रिजमध्ये झाकणही न उघडल्यासारखा बसून राहिला. तिला वाटलं, हिने माझ्या आईला नाही म्हटलं. तू तिचं मन जपायला गप्प राहिलीस आणि गप्प राहिल्यानेच ते दुखावलं.

आज रात्री तिच्याशी बोल. माफी लांबवू नकोस, एका वाक्यात माग. ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी मांस खात नाही. झाकण उघडल्यावर चोरिथो दिसलं, तुला सांगायला मला लाज वाटली. तुझ्या आईचा डबा वाया गेला, मला वाईट वाटतंय.’ स्पॅनिश तुटक आलं तरी चालेल. मग एक मागणं कर, आणि ते जरूर कर, कारण मागितल्याशिवाय माणूस घरचा होत नाही : पुढच्या वेळी मसुरीत चोरिथो घालायच्या आधी थोडी माझ्यासाठी काढून ठेवशील का, असं आईला विचार म्हणावं. कदाचित नाताळात ती तुला गावी बोलावेल. बोलावलं तर हो म्हण.

आणि डबा परत देताना रिकामा देऊ नकोस. हे तुला मी सांगायला नको, तुझ्या आईने शेजारच्यांचं भांडं कधी रिकामं पाठवलेलं तू पाहिलं नसशील. रवा सेमोला नावाने मिळतो. बिनमिठाचं मान्तेकिया मंद आचेवर कढवून तूप कर, खाली बेरी जमू दे. रवा त्यात तांबूस होईपर्यंत भाज, घाई करू नकोस, त्या वासाने दोघी आपोआप स्वयंपाकघरात येतील. वेलची घरून नेली असशीलच. साखर जरा बेताची घाल. गरम शिरा तिच्या आईच्या डब्यात भर, झाकण लगेच लावू नकोस, वाफ जाऊ दे. तिला सांग, हा शुक्रवारी गावी घेऊन जा.